डिझेलच्या दाबाचा काटा वाहतूक करारात आणा

वजनकाट्यावर आपला जितका डोळा असतो, तितका ऊस ओढणाऱ्या ट्रकच्या इंजिनावर नसतो. गाडी मालकाची, बिघाडही मालकाचा, असे आपण धरून चालतो. पण भरलेली गाडी चढावर बसली की वाळतो तो आपला ऊस. तोडल्यापासून २४ तासांत ऊस गव्हाणीत पडावा, असे जाणते लोक उगीच सांगत नाहीत. पुढे वजन घटते ते त्या शेतकऱ्याचे, आणि साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊन उतारा घसरतो तो साऱ्या सभासदांचा. एफआरपी उताऱ्यावर बांधलेली, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो तोही आपल्याच बिलातून. मग गाडीच्या पोटात काय चालले आहे हे आपण का विचारू नये?

'गाडी ओढीत नाही' ही तक्रार पुष्कळदा डिझेल कमी पोचल्याची असते. बॅरलमधले पाणी, फडातली धूळ, चोंदलेला फिल्टर, चिरलेला होज, नाहीतर थकलेला फीड पंप. मिस्त्री मात्र आधी नोझल उतरवतो, मग पंप खोलायला शहरात धाडतो. दोन दिवस जातात, पैसे जातात, आणि शेवटी दोष निघतो फिल्टरात!

यावर साधा उपाय म्हणजे फिल्टर आणि मोठा पंप यांच्यामधल्या नळीला टी जोडून दाबाचा काटा बसवणे. जुन्या धाटणीच्या पंपाच्या गाडीत हा दाब साधारण एक ते दोन किलो असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. म्हणून काटा चार किलोपर्यंतचाच घ्यावा, मोठा घेतला तर सुई हललेली दिसायचीच नाही. तांब्याचे वॉशर नवे घालावेत, हातपंपाने हवा काढावी, गळती पाहावी. डिझेलची नळी केबिनमध्ये मुळीच आणू नये. आत काटा हवाच असेल तर विजेच्या तारेवर चालणारा घ्यावा. आणि पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांना हात लावू नये. तिथला दाब शेकडो किलोंचा, डिझेलची चिळकांडी कातडीत घुसते.

चढावर सुई खाली आली, तर आधी फिल्टर बदलून पाहावा. तरी येत नसेल तर फीड पंपाला कॅनमधून डिझेल द्यावे. आता दाब भरला तर दोष टाकीच्या जाळीत किंवा नळीत. नाही भरला तर फीड पंप तपासावा. सुई जागची हललीच नाही, तर डिझेलची ही बाजू सोडून एअर फिल्टर, नोझल पाहावे. अर्ध्या तासाचे काम.

मालक म्हणतील, 'आमच्या ड्रायव्हरला आवाजावरून कळतंय की.' कळतं, पण उशिरा. अमेरिकेत १९९८ ते २००२ च्या डॉज गाड्यांतल्या कमिन्स इंजिनाला बॉशचा व्हीपी-४४ पंप होता. त्याला थंडावा आणि वंगण डिझेलचेच. फीड पंप अशक्त झाला तरी गाडी चालत राही, आणि आत महागडा पंप खराब होत जाई. शेवटी गाडीवाले स्वतःच दाबाचे काटे बसवू लागले. तिथल्या ड्रायव्हरांना काय कान नव्हते?

नव्या कॉमन-रेल गाड्यांवर मात्र ही सक्ती नको. त्यांना कंपनीचे सेन्सर असतात, तिथे जोडकाम करून हमी घालवण्यात शहाणपण नाही. जुन्या ट्रकांना आणि ऊस ओढणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांना हे कलम लावावे.

संचालक मंडळाने पुढील हंगामाच्या करारनाम्यात याची तरतूद करावी. काटे एकगठ्ठा घेऊन कारखान्याच्या वर्कशॉपातून बसवून द्यावेत, आणि रक्कम वाहतूक बिलातून दोन हप्त्यांत कापावी. हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत मांडायचा, तर सभासदांनी आपापल्या गटाच्या संचालकांकडे आताच बोलून ठेवावे. मोळी टाकल्यावर कुणाला ऐकायला सवड नसते.