थंडीत खाली बसणारं प्रथिन



डिसेंबर-जानेवारीत आपल्या गोंदियाकडे पारा कधी कधी १० अंशांच्याही खाली उतरतो. अशा सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. तीच बाटली उन्हात ठेवा, तेल पुन्हा पातळ! मग आपल्या रक्ताचंही थंडीत असं काही होत असेल का?

निरोगी माणसाच्या बाबतीत होत नाही. पण क्वचित कुणाच्या बाबतीत होतं. रक्तातल्या पेशी बाजूला केल्या, की पिवळसर रक्तद्रव उरतो. त्यात अनेक प्रथिनं विरघळलेली असतात. काही आजारांत त्यांच्यात एक विचित्र प्रथिन येतं. शरीराच्या ३७ अंश तापमानाला ते गुपचूप विरघळलेलं असतं. गार झालं, की त्याचा पांढरा साका खाली बसतो. ऊब दिली, की साका गायब!

१९३३ साली विन्ट्रोब आणि ब्युएल या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या रक्तात हा प्रकार पाहिला. १९४७ मध्ये लर्नर आणि वॉटसन यांनी त्याला नाव दिलं क्रायोग्लोब्युलिन. ग्रीक भाषेत ‘क्रायोस’ म्हणजे कडक थंडी.

थंडीत सगळ्यात आधी काय गार पडतं? बोटं, कान आणि नाकाचा शेंडा. या रुग्णांचा त्रासही बऱ्याचदा तिथेच दिसतो. बोटं पांढरी-निळी पडतात. पायांवर जांभळे ठिपके उठतात, सांधे दुखतात. कधी बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते आणि मूत्रपिंडालाही इजा होते.

याची तपासणी मोठी गमतीची. रक्त काढल्यापासून ते ३७ अंशांवर उबदार ठेवावं लागतं. गुठळी झाली, की वरचं पाणी वेगळं काढतात आणि मग ते फ्रीजमध्ये काही दिवस ठेवतात. साका दिसला, की चोर सापडला! पण रक्त वाटेतच गार झालं तर? प्रथिन गुठळीबरोबर खाली बसतं आणि तिच्यासोबत फेकलं जातं. मग आजार असूनही रिपोर्ट चांगला येतो. थोडी ऊब राखली नाही, तर केवढी चूक होते पाहा!

आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. थंडीत त्यांच्याही वेदना वाढू शकतात. पण हे दोन्ही आजार एक नव्हेत. सिकलसेलमध्ये दोष तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो आणि तो आई-बाबांकडून येतो. क्रायोग्लोब्युलिन रक्तद्रवात असतं आणि बहुधा दुसऱ्या एखाद्या आजारामुळे तयार होतं.

त्यातलं एक मोठं कारण म्हणजे यकृताला सूज आणणारा ‘हिपॅटायटिस सी’ हा विषाणू. १९८९ साली तो ओळखता आला. त्याच्या शोधासाठी २०२० मध्ये आल्टर, हॉटन आणि राइस या तिघांना नोबेल पारितोषिक मिळालं. तो रक्तातून पसरतो. त्यावर लस नाही, पण औषध आहे. साधारण १२ आठवडे गोळ्या घेतल्या, की बहुतेक रुग्ण बरे होतात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांतून तपासणी आणि उपचार मोफत मिळतात.

आता आई-बाबांनीही ऐकावं. गोंदण ही आपल्याकडची जुनी हौस. तिला नावं कशाला ठेवायची? पण एकाची सुई दुसऱ्याला नको. शाईची वाटीसुद्धा वेगळी हवी. दाढीचं ब्लेड नवं हवं. इंजेक्शन घेताना ‘सुई नव्या पाकिटातली आहे ना?’ असं विचारायला लाजू नका. तो उद्धटपणा नाही, शहाणपणा आहे.

आणि हो, थंडीत बोटं गार पडली म्हणून लगेच घाबरू नका! हा आजार फार विरळा, मुलांमध्ये तर त्याहून विरळा. हातमोजे घाला, शेकोटीपासून जरा लांब बसा आणि एक कोडं सोडवा : गोठलेलं खोबरेल तेल उन्हात पातळ होतं, मग उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग थंड झाल्यावर पुन्हा पातळ का होत नाही? उत्तर पुढच्या अंकात!