जोश ओसरल्यावर जो धावतो, तोच पोहोचतो

कल्याण-नगर रस्त्याने माळशेज घाटाकडे निघाले की मुरबाड तालुक्यात वैशाखरे लागते. नाणेघाटाच्या पायथ्याचे गाव म्हणून मुंबई-पुण्याच्या डोंगरभटक्यांना ते माहीत आहे. आम्हाला मात्र बोलायचे आहे ते या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या पोरापोरींबद्दल. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की वैशाखरे, टोकावडे, मोरोशीपासून तिकडे शहापूरच्या किन्हवली-डोळखांबपर्यंत डांबरी रस्त्याच्या कडेने तरुण धावू लागतात. पहिल्या आठवड्यात दहा-बारा जणांचा घोळका असतो. महिन्याभरात तिघे-चौघे उरतात आणि दोन महिन्यांनी एखादाच. मैदानी चाचणीची तारीख कळली की घोळका पुन्हा जमतो. मग मैदानावर जे व्हायचे तेच होते.

ही पोरे आळशी आहेत, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला ते मान्य नाही. आषाढात गुडघाभर चिखलात भाताची लावणी करणारा, दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी करणारा, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून सकाळी घरी येणारा तरुण आळशी कसा? वीटभट्टीवर आईबापाबरोबर राबणारा कातकरी पोरगा आळशी कसा? त्यांच्या अंगात कष्ट आहेत. कमी आहे ती एकाच कामाला रोज थोडे थोडे चिकटून राहण्याच्या सवयीची आणि तशी सवय लागावी म्हणून पाठीशी उभ्या राहणाऱ्या समाजाची.

प्रश्न किरकोळ नाही. २०२४ मध्ये राज्यात पोलिसांच्या १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागे शंभर अर्ज. मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात मुलाने १६०० मीटर अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत तोडले आणि मुलीने ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत, तर धावण्याचे २० पैकी २० गुण मिळतात. पुढे दर काही सेकंदांना गुण घसरतात. राज्य राखीव पोलीस दलासाठी तर पाच किलोमीटर धावावे लागते. एकेकाळी आमच्या बापजाद्यांना सैन्यभरतीचा दरवाजाच बंद होता. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती थांबवली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, पुढे बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. जवळपास पन्नास वर्षे अर्ज, निवेदने, सभा चालू होत्या. तीही एक लांब पल्ल्याची दौडच होती. आज दरवाजा उघडा आहे, पण दारात घड्याळ लावून माणूस उभा आहे. त्या घड्याळापुढे घोषणा चालत नाहीत.

येथे आपल्याच माणसांना चार शब्द कडू सांगणे भाग आहे. जोशाची आपल्याकडे कमतरता नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत रात्रभर नाचण्याची ताकद आपल्या तरुणांत असते. पण १५ एप्रिलच्या पहाटे पाच वाजता किती जण उठतात? जोश हा पेंढ्याच्या जाळासारखा असतो. तो भडकतो खूप, पण त्यावर भाकर भाजून होत नाही. धावण्याचा सराव करणाऱ्याला हे तिसऱ्या आठवड्यातच कळते. पोटऱ्या दुखतात, अंग जड होते, वेळ काही कमी होत नाही आणि मन म्हणते, आज राहू दे. त्या दिवशी जो अंगात सदरा घालून बाहेर पडतो, तो पुढे जातो. धम्मात दहा पारमिता सांगितल्या आहेत, त्यांत वीर्य ही एक. हाती घेतलेले काम मागे न वळता सर्व शक्तीनिशी करीत राहणे, असा तिचा साधा अर्थ. एका रात्रीच्या उत्साहाला कोणी पारमिता म्हटलेले नाही.

दरवर्षी १ जानेवारीला आपण लाखोंच्या संख्येने भीमा कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना देतो. लढाई आपल्याला पाठ आहे, पण लढाईआधीची रात्र आपण विसरतो. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री ती पलटण शिरूरहून निघाली आणि सुमारे २७ मैल चालून सकाळी कोरेगावला पोहोचली. २७ मैल म्हणजे ४३ किलोमीटर. आजच्या मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. थंडीच्या रात्री, खांद्यावर बंदूक घेऊन, तोफा बरोबर ओढत हे अंतर तोडायचे आणि झोप न घेता दिवसभर लढायचे, हे एका दिवसाच्या जोशाने होत नाही. ज्या महार शिपायांची 'नाक' लागलेली २२ नावे त्या स्तंभावर कोरलेली आहेत, त्यांच्या पायांत वर्षानुवर्षांच्या कवायतीची ताकद होती. स्तंभापुढे नतमस्तक होताना त्या पायांचीही आठवण ठेवली पाहिजे.

आजचे उदाहरण हवे असेल तर अविनाश साबळे यांचे घ्या. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा हा मुलगा शाळेला काही किलोमीटर पायी, धावत जात असे. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये शिपाई झाला, सियाचीनच्या बर्फात राहिला. धावपटू म्हणून त्याची सुरुवात झाली ती सैन्यात गेल्यावर. मध्यंतरी दुखापत झाली, वजन वाढले. ते त्याने घाम गाळून उतरवले आणि पुन्हा धावपट्टीवर आला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने रौप्यपदक घेतले. सुवर्णपदक हुकले ते एका सेकंदाच्या वीसाव्या भागाने. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत याच शर्यतीत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. मुलींनी नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांच्याकडे पाहावे. आदिवासी पाड्यावरच्या या मुलीने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकले. या दोघांनाही महागडी व्यायामशाळा वारशात मिळाली नव्हती.

मग टिकून राहायचे कसे? अनुभवी शिक्षक सांगतात त्या गोष्टी साध्या आहेत, पाळणे कठीण. पहिल्याच दिवशी जीव तोडून धावू नये. सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने आठवड्यातले बहुतेक धावणे व्हावे. वेगाचा सराव एक दिवस, लांब पल्ला एक दिवस, आणि दोन दिवस विश्रांती. या आठवड्यात एकूण १० किलोमीटर झाले तर पुढच्या आठवड्यात ११, एकदम २० नव्हे. १६०० मीटरसाठी लांब अंतर कशाला, असे पोरे विचारतात. छाती आणि हृदय तयार होते ते सावकाश, लांब धावण्याने, वेग त्यावर चढतो. एक वही ठेवावी. तारीख, अंतर, वेळ लिहावी. ज्या समाजाला अक्षर नाकारले गेले, त्याच्या मुलाने स्वतःची प्रगती स्वतःच्या हाताने लिहिली तर त्याच्याइतका धीर देणारा दुसरा कोणी नाही. एक दिवस चुकला तर चुकला, सलग दोन दिवस चुकू देऊ नयेत. मन अगदीच नको म्हणत असेल त्या दिवशी दहा मिनिटे तरी बाहेर पडावे. रात्री मोबाईल बाजूला ठेवून वेळेवर झोपावे. डब्यातल्या पावडरी आणि कोणी चोरून विकलेली इंजेक्शने यांच्या नादी लागू नये. नाचणीची भाकरी, डाळ, चवळी, अंडी, सुकट, शेंगदाणे-गूळ हे आपल्याच घरात आहे.

एक इशाराही द्यायला हवा. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर शासनाला अंतर कमी करावे लागले. उन्हाळ्यात, पुरेशा सरावाशिवाय, उपाशीपोटी जीव पणाला लावणे म्हणजे शौर्य नव्हे. छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. घाटाच्या रस्त्यावर पहाटे धावताना समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे, अंगात पांढरा सदरा असावा.

पण एकट्या पोराने किती ओढायचे? येथे समाजाचे काम सुरू होते. गावातले बुद्धविहार पहाटे पाचला उघडे राहील, अशी जबाबदारी दोघांनी घ्यावी. भातकापणी झाली की मोकळ्या खाचरांत टेपने मोजून चारशे मीटरचा गोल आखावा. मुलांच्या चार फेऱ्या झाल्या की १६०० मीटर, मुलींच्या दोन झाल्या की ८००. जयंतीच्या डीजेच्या पैशांतून एक घड्याळ, मुलांसाठी ७.२६ किलोचा आणि मुलींसाठी ४ किलोचा गोळा, आणि गरजू पोरांना धावण्याचे बूट घ्यावेत. पंचक्रोशीतला निवृत्त पोलीस किंवा फौजी आठवड्यातून दोन दिवस शिकवायला बोलवावा. मुलींना एकटीने अंधारात जाण्याची भीती वाटते आणि लोकांच्या टोमण्यांचीही. सहा मुली एकत्र धावल्या, एक आई सोबत उभी राहिली, की टोमणे मारणारे गप्प होतात. या गोलात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी सगळी पोरे यावीत. धावपट्टीवर जातीची वेगळी रांग नसते, हे त्यांना तेथेच शिकता येईल.

आणि एक तारीख ठरवावी, कारण तारखेवाचून सराव टिकत नाही. आमची सूचना १ जानेवारीची आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून पंधरा आठवडे मिळतात. कापणीच्या दिवसांत सराव अर्ध्यावर येईल, येऊ द्यावा, पण तोडू नये. कोरेगावला जाणाऱ्यांनी जरूर जावे. जे गावी राहतील त्यांनी त्या सकाळी नाणेघाटाच्या पायथ्याशी जमून, ज्याला जमेल त्याने पाच, ज्याला जमेल त्याने एकवीस किलोमीटर धावावे. शेवटचा धावणारा पोहोचेपर्यंत कोणी घरी जाऊ नये. आणि २ जानेवारीच्या पहाटे विहाराचे दार पुन्हा पाच वाजता उघडावे.