आकडे आणि माणसं : ताळा जुळतोय का?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझी भाची घरी आली. बी.कॉम. झालेली, सी.ए. इंटरचा एक ग्रुप सुटलेला, दुसऱ्यात दोनदा अडकलेली. मधल्या काळात अमीरपेठेतल्या एका क्लासात चार महिने ओरॅकलचं ईपीएम शिकली होती. जेवण झालं, आईस्क्रीम झालं, तरी बाई गप्पच. शेवटी पर्समधून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले.

"मावशी, जरा बघ ना. रेझ्युमे आहे."

रेझ्युमे चांगला होता. जरा जास्तच चांगला होता. तीन वर्षांचा अनुभव, दोन मोठे प्रोजेक्ट, त्यातला एक अमेरिकेतल्या विमा कंपनीचा.

"ही तीन वर्षं कुठली गं? तू तर घरी बसून अभ्यास करत होतीस."

"कन्सल्टन्सीवाले देतात. अनुभवाचं पत्र, पगाराच्या स्लिपा, सगळं. फ्रेशरला कुणी विचारत नाही मावशी. सगळे असंच करतात."

हैदराबादेत वाढलेल्या मुलांना यात नवल वाटणार नाही. अमीरपेठेत इमारतींच्या अंगाखांद्यावर कोर्सच्या पाट्या लटकलेल्या असतात. जावा, सॅप, हायपेरियन, जे मागाल ते. क्लास करण्यात गैर काही नाही. २००६ साली नोकरीला लागण्याआधी मीही तिथेच शिकले. पण क्लासनंतरची ही पायरी, न केलेल्या कामाचा दाखला विकत घेण्याची, ती मला आवडत नाही.

तरी मी तिला लगेच काही बोलले नाही. मोठ्यांनी 'असं करू नये' म्हटलं की ऐकणाऱ्याचे कान बंद होतात, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. मी चहा टाकला आणि तिला आमच्या धंद्यातल्या काही माणसांच्या गोष्टी सांगितल्या. त्याच आज या सदरात लिहिते आहे. तुमच्यापैकी बरेच जण याच वाटेवर आहेत म्हणून.

आधी काम काय ते सांगते. ईपीएम म्हणजे एंटरप्राइज परफॉर्मन्स मॅनेजमेंट. नाव जड आहे, काम मात्र घरातलंच. पुढच्या वर्षी किती खर्च करायचा ते ठरवायचं, खरंच किती झाला ते दर महिन्याला ताडून बघायचं, आणि एकत्र कुटुंबाचा मिळून एक हिशोब मांडायचा. थोरल्या भावाने धाकट्याला दहा हजार उसने दिले, तर थोरल्याच्या वहीत ते येणं आणि धाकट्याच्या वहीत देणं. पण सबंध घराची ऐपत मोजताना दोन्ही नोंदी खोडायच्या, कारण बाहेरून एक रुपयाही घरात आलेला नाही. पन्नास देशांत शंभर कंपन्या असलेल्या उद्योगसमूहालाही हेच करायचं असतं, फक्त अनेक चलनांत आणि महिना संपल्यावर थोड्याच दिवसांत.

माझे बाबा सरकारी हिशोब खात्यात होते. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकले. चार पैशांचा फरक राहिला तरी ते रात्री उशिरापर्यंत वही घेऊन बसायचे. "चार पैसे खिशातले घाला ना बाबा," असं मी एकदा म्हटलं होतं. ते म्हणाले, "अगं, फरक चार पैशांचा दिसतो. पण त्यामागे चार-चार हजारांच्या दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात." हे एक वाक्य मला कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

आता माणसं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. एक्झॉन या तेलकंपनीत नियोजनाची जुनी व्यवस्था बदलायची होती. लिली व्हेली नावाच्या सहकारी बाईंनी नवी व्यवस्था सुचवली आणि मॅनी पेरेझ यांनी तिचा नमुना करायला घेतला. करता करता त्यांच्या लक्षात आलं की साध्या तक्त्याला दोनच बाजू असतात, आडवी आणि उभी. पण प्रश्न असा येतो की अमुक माल, तमुक देश, अमुक महिना, त्यातही ठरवलेला आकडा की झालेला? इथे बाजू चार झाल्या. अशा अनेक बाजूंच्या तक्त्याला आमच्यात क्यूब म्हणतात. पेरेझ नोकरी सोडून बाहेर पडले, होसे सिनाय यांच्याबरोबर त्यांनी सिनपर ही छोटी कंपनी काढली आणि टीएम-वन विकायला सुरुवात केली. टीएम म्हणजे टेबल मॅनेजर. इतकं साधं नाव! ती कंपनी १९९६ साली अ‍ॅप्लिक्सने घेतली, अ‍ॅप्लिक्स कॉग्नोसने घेतली आणि कॉग्नोस आयबीएमने. पण टीएम-वनचं इंजिन आजही चालू आहे.

दुसरी गोष्ट एसबेसची. आर्बर सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीने १९९२ साली ते बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी एडगर कॉड यांनी अशा सॉफ्टवेअरला ओलॅप हे नाव दिलं आणि त्याचे बारा नियम लिहिले. कॉड म्हणजे लहान माणूस नव्हे. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या रिलेशनल डेटाबेसची कल्पना त्यांनीच १९७० साली मांडली आणि त्यासाठी १९८१ साली त्यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. पण पुढे उघड झालं की हे बारा नियम लिहिण्यामागे आर्बरचा पैसा होता. ते छापणाऱ्या साप्ताहिकाने लेख मागे घेतला. नियम वाईट नव्हते, ओलॅप हा शब्दही टिकला. पण पैसे कुणी दिले हे आधी सांगितलं नाही, एवढी एक गोष्ट त्या लेखाला कायमची चिकटून राहिली.

भाची म्हणाली, "एवढ्या मोठ्या माणसाचंही?"

"मोठ्या माणसाचं जास्तच," मी म्हटलं.

१९९८ साली आर्बर आणि हायपेरियन एक झाल्या. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या क्षेत्रात हायपेरियनचा दबदबा होता. वर्षही झालं नसेल, मार्च २००७ मध्ये बातमी आली की ओरॅकल ३.३ अब्ज डॉलरला हायपेरियन विकत घेतंय. त्याच वर्षी सॅपने आउटलुकसॉफ्ट घेतली आणि बिझनेस ऑब्जेक्ट्सचा सौदा जाहीर केला. आयबीएमने कॉग्नोसचा केला. ऑफिसात एकच चर्चा, आता आपलं काय? जे शिकलो ते कुणी विचारेल का?

विचारलं. नाव बदललं, लोगो बदलला, मागणी राहिली. आणि गंमत अशी की जुन्या कंपन्यांतलीच माणसं पुन्हा शून्यापासून उभी राहिली. टॉम शे यांची अपस्ट्रीम नावाची कंपनी हायपेरियनने घेतली होती. हेच टॉम शे पुढे वनस्ट्रीम घेऊन आले. त्यांच्या जोडीला बॉब पॉवर्स होते, ज्यांनी आधी हायपेरियनचं एकत्रित हिशोबाचं सॉफ्टवेअर घडवलं होतं. २०२४ साली वनस्ट्रीम अमेरिकेच्या शेअर बाजारात आली. इंग्लंडमध्ये मायकेल गूल्ड यांनी अडेटम या कंपनीत काम केलं, ती कॉग्नोसने घेतली, आणि २००६ साली त्यांनी यॉर्कशायरमधल्या एका कोठारात बसून अ‍ॅनाप्लॅनचं इंजिन लिहायला घेतलं.

"म्हणजे मी शिकले ते काही वर्षांत जुनं होणार?" भाचीचा चेहरा उतरला.

"होणार. बटणं बदलतात. पण परदेशी कंपनीचा नफा-तोटा महिन्याच्या सरासरी दराने बदलायचा आणि ताळेबंद महिनाअखेरच्या दराने, आणि त्यातून जो फरक पडतो तो कुठे दाखवायचा, हे तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे. या माणसांनी सॉफ्टवेअर बदललं, प्रश्न बदलला नाही. तो त्यांना आतून माहीत होता."

या क्षेत्राची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. इथे माणसं शिकवताना हात आखडता घेत नाहीत. एडवर्ड रॉस्के यांनी 'लुक स्मार्टर दॅन यू आर' या मिस्कील नावाची पुस्तकांची मालिका काढली. एसबेससारखा रुक्ष विषय त्यात हसत-खेळत समजतो. कॅमेरॉन लॅकपूर यांनी २०१२ साली एसबेसवर एक पुस्तक संपादित केलं. त्यात एकेका जाणकाराने एकेक प्रकरण लिहिलं. टिम टॉ यांनी क्यूबचा सगळा आराखडा बाहेर काढून दाखवणारं एक छोटं साधन तयार केलं आणि सगळ्यांना फुकट वापरू दिलं. हैदराबादेत बसून मी या तिघांपैकी कुणालाही भेटलेले नाही, पण माझ्या पगारातला काही वाटा त्यांचा आहे असं मी मानते.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर घरातही फारशी कुणाला सांगितलेली नाही.

२००९ चा ऑक्टोबर. एका परदेशी कंपनीच्या बजेटचा हंगाम चालू होता. दोनशेच्या वर विभागप्रमुख क्यूबमध्ये आपापले आकडे भरत होते. बंद झालेल्या शाखांचे आकडे पुसायची स्क्रिप्ट मला लिहायची होती. एसबेसमध्ये 'फिक्स' म्हणून एक आज्ञा असते. तिचा अर्थ, एवढ्याच चौकटीत काम कर. मी चौकट घातली ती 'बंद' अशी खूण लावलेल्या शाखांची. चाचणीत सगळं बरोबर चाललं. पण खऱ्या सर्व्हरवर शाखांना ती खूण लावायची मी विसरले होते. म्हणजे चौकट रिकामी. आणि एसबेसचा स्वभाव असा की चौकटीत काहीच सापडलं नाही, तर तो चौकट नाहीच असं समजून सगळ्या क्यूबवर काम करतो. तसं होऊ न देणारी एक ओळ असते. आज मी कुठल्याही स्क्रिप्टमध्ये ती पहिली लिहिते.

रात्री साडेअकराला मी बटण दाबलं आणि दोनशे माणसांचं बजेट पुसलं गेलं.

आदल्या रात्रीचा बॅकअप होता. तो परत चढवता येणार होता, पण त्या दिवशी लोकांनी भरलेलं सगळं गेलं. शेजारी बसलेला सहकारी हळूच म्हणाला, "सर्व्हर पडला म्हणून सांग. कोण बघतंय?" खरं सांगते, पाच मिनिटं मी तोच विचार करत होते. मग बाबांचे चार पैसे आठवले. सर्व्हर पडला म्हटलं असतं, तर लोकांनी सर्व्हर तपासला असता आणि स्क्रिप्ट तशीच राहिली असती. पुढच्या महिन्यात तिने परत तेच केलं असतं.

मी मॅनेजर बाईंना फोन केला. सगळं सांगितलं. सकाळी क्लायंटला गेलेल्या पत्रात चूक कुणाची आणि कशी, हे स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याची किंमत मोजावी लागली. त्या वर्षी पगारवाढ झाली नाही आणि तीन महिने मला क्लायंटच्या कॉलवर बसू दिलं नाही. पण वर्षअखेरीच्या हिशोबाच्या वेळी त्याच क्लायंटच्या वित्तप्रमुखांनी विचारलं, ती मुलगी कुठे आहे? ती टीममध्ये हवी. आकडा चुकला तर ती आम्हाला सांगेल.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण मावशी, माझ्या मैत्रिणीने असाच रेझ्युमे दिला. माझ्या दुप्पट पगार घेते. तिला काही झालं नाही."

मी तिला खोटं सांगितलं नाही. सगळेच पकडले जातात असं नाही. आता कंपन्या पी.एफ.चं खातं बघतात, तुमच्या नावावर कुणी कधी पैसे भरले ते त्यात दिसतं, त्यामुळे काही जण रुजू झाल्यावरही काढले जातात. काही निभावूनही नेतात. पण मी मुलाखती घेते तेव्हा एकच प्रश्न हमखास विचारते, "ताळा जुळला नाही तेव्हा तुम्ही काय केलंत?" खरं काम केलेला मुलगा लगेच एखाद्या रात्रीची गोष्ट सांगायला लागतो, बहुतेक वेळा स्वतःच्या चुकीची. विकत घेतलेल्या तीन वर्षांत तशी एकही रात्र नसते. आणि जिची सुरुवातच झाकलेल्या चुकीने झाली, ती पुढे रात्री साडेअकराला फोन कसा करणार? मला काळजी त्याची वाटते, पोलिसांची नाही.

फ्रेशरला वाट आहे का? आहे, पण ती लांबची आहे. हैदराबादेत मोठ्या कंपन्यांची हिशोबाची केंद्रं आहेत. तिथे महिनाअखेरीच्या टीममध्ये बी.कॉम., अर्धवट सी.ए. झालेली मुलं घेतात. पगार कमी असतो. पण वर्ष-दीड वर्ष खरे हिशोब बंद केले, की तिथलंच ईपीएम सॉफ्टवेअर हाताखाली येतं आणि तो अनुभव कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

भाचीने कागद परत पर्समध्ये ठेवले. फाडले नाहीत. काय ठरवलं तेही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात रात्री नऊला तिचा फोन आला. "मावशी, दीड महिना झाला नोकरी लागून. महिनाअखेरीच्या टीममध्येच. आईला म्हटलं होतं, मावशीला मीच सांगेन. पगाराचं विचारू नकोस." मग घाईने म्हणाली, "ऐक ना, आमच्या दोन कंपन्यांचं येणं-देणं तीनशे बारा रुपयांनी जुळत नाहीये. सर म्हणतात सोडून दे, एवढा फरक चालतो."

"मग?"

"मग काय, शोधतेय. अजून घरी गेले नाही."

मी तिला म्हटलं, आधी डबा खा. आणि एकमेकींना झाकून बसलेल्या दोन चुका आहेत का ते बघ.