उशीखालचे पुस्तक

अभ्यासाच्या पुस्तकात दुसरेच पुस्तक लपवून वाचणे ही काही आजच्या मुलींनी शोधून काढलेली युक्ती नाही. नारायण धारपांच्या भयकथा आपणही अशाच वाचल्या आहेत. आई झाल्यावर मात्र ते सोयीस्करपणे विसरले जाते.

भिलाईला पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, मरोदा सेक्टरमध्ये माझी नणंद राहते. गेल्या श्रावणात तिच्याकडे गेले, तर घरात वादळ उठलेले. नववीतल्या भाचीला वर्गात बाकाखाली 'ट्वायलाइट' वाचताना पकडले होते. पुस्तक जप्त, डायरीत शेरा आणि पालकांना बोलावणे.

"वहिनी, रक्त पिणाऱ्या पिशाचाशी प्रेम! असले वाचून पोरीचे काय व्हायचे? तुम्हीच समजवा तिला," नणंद म्हणाली.

मला वाटले, पुस्तक जप्त करण्याऐवजी बाईंनी एखादा तास त्यावरच घेतला असता तर?

पुस्तक काही थोर नाही, पण मुलींना वेड लावणारे आहे. स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी 2005 साली आली, 2008 मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. 17 वर्षांची बेला एडवर्ड नावाच्या व्हँपायरच्या प्रेमात पडते. तो दिसतो 17 चाच, पण जन्म 1901 चा. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरणाच्या दारात असताना तो व्हँपायर झाला. माणसांऐवजी जनावरांचे रक्त पिऊन राहतो आणि स्वत:ला गमतीने शाकाहारी म्हणवतो!

आपल्याला हा प्रकार परका वाटतो, पण वेताळ आठवून पाहा. रिचर्ड बर्टन या इंग्रजाने 1870 मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावात वेताळाला व्हँपायरच म्हटले होते. फरक एवढाच, की आपला वेताळ रक्त पीत नाही. तो गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याची शकले होणार! 'चांदोबा'तून या गोष्टी वाचताना आपण बिघडलो नाही, कारण प्रत्येक गोष्टीनंतर विचार करावा लागत होता. 'ट्वायलाइट'मध्ये वेताळाचे हे काम कुणीतरी मोठ्या माणसाने करायला हवे.

संध्याकाळी भाची आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन मी अंगणात बसले. पहिला प्रश्न भीतीचा. व्हँपायर खरे असतात का? तिघीही हसल्या. "मामी, काहीतरीच काय!" मग टोनही? हसू थांबले. हरेलीची अवस नुकतीच झाली होती आणि दारांवर खोचलेल्या कडुनिंबाच्या डहाळ्या अजून वाळत होत्या. एक मैत्रीण हळूच म्हणाली, "आमच्या गावी म्हणतात, असते."

मी त्यांना सांगितले, 'ट्वायलाइट' आले त्याच 2005 साली छत्तीसगडला टोनही प्रताडना निवारण कायदा करावा लागला. एखाद्या व्यक्तीला टोनही ठरवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत आणि टोनही म्हणून छळणाऱ्याला 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कादंबरीतले पिशाच देखणे, श्रीमंत असते, म्हणून आपण त्याच्या प्रेमात पडतो. गावातले 'पिशाच' बहुतेक वेळा एकटी, म्हातारी किंवा विधवा बाई असते, म्हणून तिला मार खावा लागतो. दोन्ही पिशाचे माणसाच्याच कल्पनेतली. हे कळायला शाळेच्या वर्गाहून चांगली जागा कोणती?

दुसरा प्रश्न प्रेमाचा. बेला झोपलेली असताना एडवर्ड तिच्या नकळत खोलीत येतो आणि रात्र रात्र तिच्याकडे पाहत बसतो. हे प्रेम की आणखी काही? आधी तिघी लाजल्या, मग जोरात वाद झाला. एक म्हणाली, किती काळजी त्याला! दुसरी म्हणाली, तो देखणा नसता तर आपण ओरडलो असतो. मुलीने नको म्हटल्यावरही वारंवार पाठलाग करणे हा 2013 पासून आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे, हे तिघींपैकी एकीलाही माहीत नव्हते.

शेवटी मी भाचीला विचारले, "तुझ्या मागे कुणी असा लागला, तर आईला सांगशील?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही मामी. पुस्तक वाचलं तर एवढं झालं. हे सांगितलं तर माझी शाळाच बंद होईल."

दारात चहाचा ट्रे घेऊन नणंद उभी होती. तिने ते ऐकले.

आयांनो, खरी भीती बाळगायची ती याची. व्हँपायरच्या पुस्तकाने मुलगी बिघडत नाही, पण पुस्तक लपवता लपवता ती बाकीचेही लपवायला शिकते. म्हणून ते हिसकावू नका. आधी स्वत: वाचा, मग तिच्याशी वाद घाला. शिक्षकांनीही वर्षातून एखादा तास मुलांच्या आवडीच्या पुस्तकाला द्यावा. धडा कुठला हे महत्त्वाचे नाही, प्रश्न विचारले जातात की नाही, हे महत्त्वाचे.

दुसऱ्या दिवशी नणंद शाळेत जाऊन पुस्तक सोडवून घेऊन आली. ते तिने मुलीच्या हाती दिले आणि म्हणाली, "तुझे झाले की मला दे."