भरलेली परत येणारी बाटली

मार्चमधली सकाळची शाळा. मधली सुट्टी संपता संपता दुसरीतली एक मुलगी माझ्या टेबलाजवळ आली, बाटली पुढे केली आणि हळूच म्हणाली, "आपा, ये खुलरा नै." मी झाकण फिरवले, तर माझ्याही हाताला जोर लावावा लागला. बाटली काठोकाठ भरलेली होती. सकाळी सातला घरून निघालेली ही पोर दहा वाजेपर्यंत पाण्याचा एक घोटही न घेता बसून होती, तीही लातूरच्या उन्हात.

तेव्हापासून मला एक सवय लागली आहे. शाळा सुटताना मी मुलांच्या बाटल्या उचलून बघते. निम्म्याहून अधिक बाटल्या जड लागतात. सकाळी आईने भरून दिलेले पाणी दुपारी तसेच घरी जाते. आई ते मोरीत ओतते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरते. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, त्या गावातली ही गोष्ट आहे.

लहान मुलांसाठी कोणती बाटली घ्यावी, असे पालक मला अनेकदा विचारतात. प्लास्टिक की स्टील, साधी की थर्मास, कोणत्या कंपनीची. माझे उत्तर आता एकच असते: जी रिकामी होऊन घरी येते ती. बाकीचे सगळे त्यानंतर.

आपण दुकानात काय करतो? बाटली आपल्या हाताने उघडून बघतो. चित्र मुलाला आवडले की पैसे देतो. पण सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांत किती जोर असतो, ते आपल्या बोटांना कळत नाही. म्हणून मुलाला दुकानात घेऊन जा आणि बाटली त्याच्या हातात द्या. हात जरा ओला करून पाच वेळा उघडायला आणि बंद करायला सांगा. त्याला जमले तरच घ्या. मुले लाजाळू असतात. चाळीस मुलांच्या वर्गात रोज उठून "झाकण उघडून द्या" म्हणणे सगळ्यांना जमत नाही. जमत नाही ते गप्प बसते आणि तहानलेले राहते.

दुसरा प्रश्न वजनाचा. आमच्याकडे बऱ्याच घरांत आखाती देशातून मामू किंवा चाचा येतात आणि भाच्या-पुतण्यांसाठी छानशी थर्मास बाटली आणतात. प्रेमाची भेट असते, नाही म्हणवत नाही. पण हिशेब करून बघा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, त्यात दुहेरी भिंतीच्या बाटलीचे स्वतःचे वजन. 2020च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात पहिली-दुसरीच्या मुलांचे सगळे दप्तर 1.6 ते 2.2 किलोचे असावे, असे म्हटले आहे. मग वह्या-पुस्तकांना जागा उरली कुठे? ती बाटली घरी ठेवा, सफरीला वापरा. शाळेसाठी 500 मिलीची साधी, एकेरी भिंतीची स्टीलची बाटली पुरते. पाणी संपले की शाळेत पुन्हा भरायचे.

स्टील का, तेही सांगते. स्वस्त प्लास्टिकची बाटली वर्षात दोनदा-तीनदा बदलावी लागते. कधी झाकणाची कडी तुटते, कधी पडून तळाला चीर जाते, कधी वास जात नाही. स्टीलची पडली तर पोचा पडतो, पण पाणी धरून राहते. माझ्या घरात थोरल्याची बाटली धाकटीने वापरली. तिला सात पोचे आहेत आणि ती अजून गळत नाही. घेताना बाटलीवर 304 लिहिले आहे का ते पाहा. या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, म्हणून ते सहसा गंजत नाही. लोहचुंबक लावून पाहण्याची युक्ती पुरी पडत नाही, कारण काही हलक्या दर्जाच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. आयएसआयची खूण पाहणे बरे. स्टील, तांबे आणि अॅल्युमिनियमच्या पाण्याच्या बाटल्यांना भारतीय मानक सक्तीचे करणारा आदेश केंद्र सरकारने 2023 मध्ये काढला आहे.

तिसरी गोष्ट धुण्याची. सिपर आणि स्ट्रॉच्या बाटल्या मुलांना फार आवडतात. एकदा त्या स्ट्रॉमधून पातळ ब्रश फिरवून बघा, झाकणातली रबरी रिंग काढून तिच्याखाली बघा. अनेकदा तिथे काळी बुरशी सापडते. वरून बाटली लखलखीत आणि आत हे. पैगंबर साहेबांनी (स.) मशकीच्या तोंडाला तोंड लावून पिण्यास मनाई केल्याची हदीस आहे. उलमांनी त्याची जी कारणे सांगितली आहेत, त्यांतले एक असे की आत काय आहे ते पिणाऱ्याला दिसत नाही. मी काही बाटली हराम ठरवायला बसलेली नाही. पण ते कारण आजही खरे आहे. आपला हात आत जाईल एवढे रुंद तोंड असावे, आतला तळ दिसावा, रिंग काढून धुता यावी. दहा मिनिटांत सगळे भाग सुटे करून धुता येत नसतील, तर ती बाटली लहान मुलासाठी नाही. आणि रुंद तोंडाच्या बाटलीचा आणखी एक फायदा आहे. धावता धावता तिच्यातून पिता येत नाही, अंगावर सांडते. मूल आपोआप खाली बसते, बिस्मिल्लाह म्हणते आणि थांबत थांबत पिते. जे आपण घरात शिकवतो ते बाटलीही शिकवते.

इस्राफ म्हणजे उधळपट्टी, यावर आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. वझूला नळ मोठा सोडू नका, हे मुलांना पाठ असते. मग दर चार महिन्यांनी फेकलेली बाटली इस्राफ नाही का? आणि रोज मोरीत जाणारे अर्धा लिटर पाणी?

आता एक गोष्ट जी दुकानात सुटत नाही. चौथी-पाचवीच्या मुलींची बाटली उघडायला सोपी असते, तरी भरलेली परत जाते. मी एकीला जवळ घेऊन विचारले. ती खाली बघून म्हणाली, "पानी पिए तो जाना पडता ना, आपा." शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी नसली, पाणी नसले, तर मुली पाणीच पीत नाहीत. लघवी तासन्‌तास रोखून धरतात आणि मग जळजळ, ताप, दवाखाना. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेत मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी असावे, असे लिहिलेले आहे. पालक सभेत आपण गुणांबद्दल विचारतो. या वेळी जाऊन स्वच्छतागृहाची कडी लागते का ते बघा. बाटलीवर खर्च केलेले पैसे त्या कडीवर अवलंबून आहेत.

आणि आम्हा शिक्षकांचेही काम आहे. 2019 मध्ये केरळातल्या शाळांनी पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली, मग शेजारच्या राज्यांनीही ती उचलली. मी माझ्या वर्गात घंटेची वाट पाहिली नाही. दुसरा आणि पाचवा तास सुरू होताना सगळ्यांनी बसून चार घोट प्यायचे, मग पुस्तक उघडायचे. दोन मिनिटे जातात. ज्याच्याकडे बाटली नाही, त्याच्यासाठी कपाटात स्टीलचे दोन पेले आहेत आणि कोपऱ्यात माठ. पेला घेण्यात कोणाला कमीपणा वाटू नये म्हणून पहिला पेला मी पिते.

त्या दुसरीतल्या मुलीच्या अम्मीला मी निरोप पाठवला होता. आठवड्याने ती साधी, चित्र नसलेली स्टीलची बाटली घेऊन आली. थोडी नाराज होती, कारण जुन्या बाटलीवर परी होती. परवा शाळा सुटताना मी तिची बाटली उचलून पाहिली. हलकी लागली.