छप्पन्न फुटांचा संसार

गेल्या रविवारी विहारात बुद्धवंदना आटोपली, खीर वाटून झाली आणि आम्ही बायका सतरंज्यांच्या घड्या घालीत होतो. बारावीतली एक मुलगी जवळ आली. म्हणाली, "काकू, नौदलाचा फॉर्म भरायचाय. आई नको म्हणती." आई मागेच उभी होती. "ताई, तुम्हीच सांगा हिला," ती म्हणाली. "आपण परभणीची माणसं. वारा सुटला तर पत्रे उडू नयेत म्हणून दगडं ठेवतो. अन् ही समुद्रात जाणार. तिथं वादळ आलं तर पोरीच्या जातीनं काय करावं?"

तिथल्या तिथे जेवढे सुचले तेवढे बोलले. राहिलेले इथे लिहिते, कारण हा प्रश्न त्या एकट्या माउलीचा नाही.

'तारिणी' नावाची नौदलाची शिडाची बोट आहे. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर ती बांधली. लांबी छप्पन्न फूट, म्हणजे आपल्या एसटीच्या दीड गाडीएवढी. १० सप्टेंबर २०१७ रोजी सहा महिला अधिकारी गोव्याहून ही बोट घेऊन निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २१ मे २०१८ ला परत आल्या. वर्तिका जोशी कप्तान. बरोबर प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, एस. विजया देवी, बी. ऐश्वर्या आणि पायल गुप्ता. यातली स्वाती तेवढी विशाखापट्टणमची, समुद्राकाठची. बाकीच्या पाच जणी उत्तराखंड, हिमाचल, मणिपूर आणि तेलंगणातल्या. या चारही राज्यांना समुद्रकिनारा नाही. तेव्हा परभणीला समुद्र नाही ही सबब मी तरी ऐकणार नाही.

त्यांना तयार करणाऱ्यांत कमांडर दिलीप दोंदे होते. २००९-१० साली 'म्हादेई' या अशाच बोटीतून एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

आता वादळाचे. न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरातून या सहा जणी १२ डिसेंबर २०१७ ला निघाल्या, त्यानंतर जवळजवळ चाळीस दिवस बंदर नाही. दक्षिणेकडच्या त्या समुद्रात वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, तो पृथ्वीभोवती मोकाट फिरतो. ताशी एकशेदहा किलोमीटरच्या वर वारा आणि सात मीटरच्या लाटा, म्हणजे दुमजली घराएवढे पाणी. १ जानेवारी २०१८ आपल्यापैकी कोण विसरेल? भीमा कोरेगावला काय घडले, ३ तारखेला सारा महाराष्ट्र कसा बंद होता, हे आपण जन्मभर सांगत राहू. त्याच दिवसांत या पोरी त्या पाण्यात होत्या. १९ जानेवारीला त्यांनी दक्षिण अमेरिकेचे टोक, केप हॉर्न, ओलांडले.

पण वादळ म्हणजे काही एका दिवसाची लढाई नव्हे. ते आठवडा-आठवडा चालते आणि त्यात जेवावे, झोपावे, कपडे बदलावे लागतात. बोट एका अंगावर कललेली असते, म्हणून शेगडी दोन खुंट्यांवर झुलती बसवतात. बोट कितीही कलली तरी पातेले सरळ राहते. रांधणारी स्वतःला पट्ट्याने बांधून घेते. झाकण पक्के बसते म्हणून कुकरला अशा बोटींवर मोठा मान. झोपायच्या फळीला कडेने जाड कापड बांधतात, बाळाच्या झोळीसारखे, नाहीतर माणूस झोपेत खाली पडेल. वर जाताना अंगावरच्या पट्ट्याची कडी बोटीला अडकवल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. ओले कपडे वाळत नाहीत, कारण खाऱ्या पाण्याचे मीठ हवेतली ओल धरून ठेवते. गोडे पाणी जपून वापरायचे. आंघोळीचे तर नावच नको.

आणि सर्वांत मोठा नियम असा की वारा वाढल्यावर नव्हे, वाढण्याआधी शीड गुंडाळून लहान करायचे. वाऱ्यात ते फडफडू लागले की आवरत नाही. मी हे सांगितले तेव्हा त्या माउलीच्या चेहऱ्यावर ओळख दिसली. पत्र्यावरचे दगडही वारा सुटण्याआधीच ठेवावे लागतात.

मग तिने विचारले, "तिथं सैपाक कोण करतं?"

माझ्या मते सगळ्यांत मोलाचा प्रश्न हाच. बोटीवर त्या सहा जणींशिवाय सातवे माणूस नव्हते. ना आचारी, ना झाडूवाला. बोट रात्री थांबत नाही, म्हणून चोवीस तास कोणीतरी पहाऱ्याला वर लागतेच. पाळी संपली की दुसरीला उठवायचे आणि आपण झोपायचे. सुकाणू, शीड, स्वयंपाक, भांडी, संडास, सगळे त्या सहा जणींतच. लांब पल्ल्याच्या अशा बोटींवर स्वयंपाक हीदेखील पाळीच धरतात. पुष्कळ बोटींवर त्या दिवशी जिच्याकडे शेगडी, तिला पहाऱ्यातून सूट असते. दमलेल्या माणसाचा हात चुकतो आणि वादळात एकाची चूक सगळ्यांना भोवते, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

आता आपल्याकडे बघा. गंगाखेड-सोनपेठकडची कितीतरी कुटुंबे सहा-सहा महिने उसाच्या फडावर कोपीत राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई नवऱ्याच्या बरोबरीने ऊस तोडते, मोळ्या बांधते. पण पहाटे तीनला उठून भाकरी थापणारी तीच आणि रात्री चूल पेटवणारीही तीच. तिच्या या दोन वेळच्या कामाची पाळी कोणी मोजत नाही. पूर्णेला रेल्वेच्या पाळ्यांवर ज्यांचे आयुष्य गेले, ते आपले बांधवही घरातली पाळी मानीत नाहीत. कोणी रागावले तर रागवोत.

दुसरी सफर त्याहून कठीण झाली. २ ऑक्टोबर २०२४ ला त्याच 'तारिणी'वर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या. सहा जणींचे काम दोघींत. न्यूझीलंडनंतरच्या टप्प्यात त्यांना एकामागून एक तीन चक्रीवादळे लागली. एक वर असली की दुसरी झोपायची, म्हणजे एकाच बोटीत राहून निवांत बोलायलाही वेळ थोडाच. २९ मे २०२५ ला दोघी सुखरूप गोव्यात आल्या.

धोका नाही असे मी म्हणणार नाही. पहिल्या सफरीत शेवटच्या टप्प्यात सुकाणूच बिघडले आणि दुरुस्तीसाठी मॉरिशसला थांबावे लागले. बाबासाहेबांनाही समुद्राचा फटका बसला होता. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांची पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठवली होती. महायुद्ध चालू होते, ते जहाज पाणतीराने बुडाले आणि जमवलेले ग्रंथ तळाला गेले. तरी १९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले. समुद्र ओलांडणे हे धर्मसूत्रांनी पाप ठरवले होते, पण ज्यांना गावच्या पाणवठ्याचीच बंदी होती त्यांना समुद्रबंदीचे काय कौतुक?

मुलीला मात्र मी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. २०२२ पासून नौदलात अग्निवीर म्हणून मुलींनाही घेतात, पण ती चार वर्षांची नोकरी आहे. त्यातले फार तर पंचवीस टक्के पुढे कायम होतात. फॉर्म भरायचा तर हे माहीत असून भरावा. एनडीएचे दारही २०२२ पासून मुलींना उघडले आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असेल तर तीही परीक्षा द्यावी. आणि आधी पोहायला शिकावे. ते तिला येत नाही.

आई बराच वेळ गप्प होती. सतरंज्या कोठीत ठेवून झाल्यावर तिने हळूच विचारले, "ताई, ती कप्तीन बाई पण भांडी घासायची?"

"घासायला दुसरे होतेच कोण?"

ती हसली. "बघू. हिच्या बापाला विचारते," म्हणाली, आणि मुलीच्या हातातला फॉर्म घेऊन पदराखाली धरला. बाहेर पाऊस भुरभुरत होता.