सातबाऱ्यावर नावं अनेक, बांधावर कुणीच नाही

समुद्र वर आला, उधाणं वाढली, म्हणून आमची शेतं खारी झाली, असं रायगडच्या खाडीकाठी आता सगळेच म्हणतात. आखातातून सुट्टीवर आलेले म्हणतात, माझ्या वर्गातली मुलंही निबंधात तेच लिहितात. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. पाणी आत आलं ते बांध फुटला म्हणून. आणि बांध फुटल्यावर तो बुजवायला कुणी आलं नाही, याचा दोष समुद्राला देता येत नाही.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. खारजमीन म्हणजे खाडीला बांध घालून पिकाखाली आणलेली जमीन. मातीचा बांध भरतीचं पाणी अडवतो. बांधात उघाडी असते. ओहोटीला तिचं दार उघडतं आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरती आली की ते मिटतं. पाऊस मातीतलं मीठ धुऊन नेतो आणि भाताचं एक पीक हाती लागतं. ही सगळी व्यवस्था राखणीवर उभी आहे. खेकड्याच्या बिळातून गळती सुरू होते आणि तिची खांड होते. खांड वेळेवर बुजवली तर दोन-चार माणसांचं काम. नाही बुजवली तर प्रत्येक उधाणाला ती रुंदावते. दोन-तीन वर्षांत शेतात तिवरं उगवतात. उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवनाच्या तोडीला कडक मनाई केली आहे आणि ते योग्यच आहे. बांधाबाहेरची तिवरं लाटांचा जोर मोडतात, बांधालाच वाचवतात. पण ती बांधाच्या आत उगवली की शेत फक्त कागदावर उरतं.

पूर्वी ही राखण कोण करत होतं? काही ठिकाणी शिलोत्रीदार. बाहेरचा बांध सांभाळण्याची जबाबदारी त्यांची, त्याबदल्यात शेतकऱ्यांकडून धान्य मिळायचं. अनेक गावांत जोळ होती. ज्याची जमीन बांधाखाली, त्याने ठरल्याप्रमाणे बांधावर कामाला जायचं. तो काळ सोन्याचा नव्हता. खोतीत कुळं भरडली गेली, आणि त्या खोतांत मुसलमान खोतही होते, हे आपण विसरू नये. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्याला मालक केलं, तो न्यायच होता. पण जमिनीची मालकी बदलली तेव्हा बांधाची जबाबदारी कुणाकडे गेली, हे अनेक गावांत स्पष्ट झालंच नाही. १९४८ चा खारजमीन कायदा आला, मग १९७९ चा आला. काही बांध सरकारी योजनेत गेले, काही खासगी राहिले. सरकारी बांधाला निधीची वाट पाहायची आणि खासगी बांधाला मालकाची. तो मालक कुठे आहे?

आमच्याच घराण्याचं उदाहरण देते. आमच्या एका गटाच्या सातबाऱ्यावर एकतीस नावं आहेत. त्यातली अकरा माणसं हयात नाहीत. बाकीची मुंब्रा, कुवेत, दोहा, लंडन. गावात राहणारे दोघे, दोघेही साठीच्या पुढचे. त्यांनी खांड बुजवायची म्हटलं तर खर्च त्यांचा आणि मालकी सगळ्यांची. दुसऱ्याला कसायला द्यायची तर कूळ लागेल ही भीती. म्हणून जमीन पडीक. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, तेव्हा या सामाईक सातबाऱ्याचा हिशोब उघडा पडला. भरपाई एकाच्या खात्यात यायची तर बाकीच्या हिस्सेदारांची संमती हवी. टाळेबंदीच्या दिवसांत परदेशातल्या भावंडांच्या सह्या कुठून आणायच्या? ज्यांनी बाग वाढवली त्यांचे हात रिकामे राहिले.

आता जरा अडचणीचं बोलते. या एकतीस नावांत बायका किती? चार. त्याही विधवा म्हणून लागलेल्या. एकाही मुलीचं नाव नाही. कुरआनने मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा सांगितला आणि तो बंधनकारक केला. आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो की इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी स्त्रीला वारसा दिला. मग तलाठ्याकडे जाताना तो हिस्सा कुठे गळतो? कुठे वारसनोंदीत बहिणीचं नावच घालत नाहीत, कुठे हक्कसोडपत्रावर सही घेतात आणि तिला कळतं की सही केली नाही तर माहेर तुटेल. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही, शेजारच्या हिंदू घरांतही २००५ च्या कायद्यानंतर हेच चाललं आहे. पण दुसऱ्याच्या घरातला अन्याय दाखवून आपला फिटत नाही. कुणाची वीतभर जमीन नाहक बळकावणाऱ्याचा हिशोब किती कडक आहे, ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

यावर एक भाऊ मला म्हणाला, “ताई, मुलींची नावं घातली तर तुकडे आणखी होतील, मग बांध कोण बघणार?” प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर देते. मुलींना वगळूनही एकतीस नावं झालीच ना? बांध तरी कुठे राखला? गोंधळ नावांच्या संख्येने होत नाही, जबाबदारी न ठरल्याने होतो. हिस्सा नोंदवणं म्हणजे शेताच्या मधोमध मेर घालणं नव्हे. हिस्से कागदावर स्पष्ट ठेवून कसण्याचा आणि सही करण्याचा अधिकार लेखी एकाला देता येतो. तो एक बहीणही असू शकते. गावात किंवा तालुक्यात राहणाऱ्या बहिणी पुष्कळ आहेत, त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. घरात मय्यत झाली की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी, कायदाही तेच सांगतो. वारसनोंदीत मुली याव्यात. जिला हिस्सा सोडायचा असेल तिने नाव लागल्यानंतर, स्वतःच्या मर्जीने सोडावा. घरटी एक जबाबदार माणूस ठरावा. आणि जमातीने, गावातल्या इतर समाजांना बरोबर घेऊन, जोळ नव्या रूपात सुरू करावी. परदेशात असलेल्याने हात नाही तर हिस्स्याप्रमाणे पैसा द्यावा, पावसाळ्याआधी बांध आणि उघाडी तपासावी. भरतीचं पाणी कुणाचं शेत कुठल्या धर्माचं ते विचारत नाही. बियाणं आहे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या पनवेल-१, २, ३ या भातजाती दिल्या आहेत.

सगळी जमीन परत मिळेल असं मी म्हणत नाही. जिथे तिवरं दाट झाली आहेत, ती जमीन खाडीची झाली असं समजावं. पण जे बांध अजून उभे आहेत, त्यांच्यामागची शेतं वाचवता येतात. जमीन अमानत आहे, हे वाक्य आपण सहज बोलतो. अमानत सांभाळणाऱ्याचं नाव लागतं. आपल्या सातबाऱ्यावर मालकांचीच नावं आहेत, सांभाळणाऱ्याचं एक तरी ठरवू या.